ट्रॅकवरून आलं की ब्रेक थरथरतात, डिस्क बदलली तरी पुन्हा तेच

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत तो उतार लागतो. पुण्यातल्या गाडीवाल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. कोइंबतूरहून परत येताना रात्री अकराच्या सुमारास याच उतारावर ८०च्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. पेडल तळपायाला टकटक मारत होतं. पाय काढला की सगळं शांत, ठेवला की पुन्हा सुरू. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, नव्या होत्या, जेमतेम अडीच हजार किलोमीटर चाललेल्या. आणि हे दीड वर्षात चौथ्यांदा होत होतं.

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल सेडान, पुढच्या चाकांना ताकद जाणारी, माझ्यासकट साधारण १५७५ किलोची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक तिची नव्हती. बरीचशी माझी होती, थोडी पावसाची. गाडी रोज हिंजवडीला ऑफिसला जाते आणि वर्षातून दोन-तीनदा रेस ट्रॅकवर. इंजिनाचं रीमॅप झालंय (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीय), स्प्रिंगा बदलल्यात, टायर चांगले आहेत. ब्रेक मात्र मी बराच काळ कंपनीचेच ठेवले होते. पैसे आधी इंजिनावर जातात, हा आपल्याकडचा शिरस्ता.

आधी थरथर नेमकी कुठली ते ओळखा

हे न करता सुटे भाग मागवणं म्हणजे ताप न बघता औषध घेणं. मीही आधी तेच केलं.

ब्रेक न दाबताही ९०-१०० ला स्टीअरिंग हलत असेल तर डिस्क सोडा, चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. ट्रॅकवर एकदा जरी चाक लॉक होऊन घसटलं तरी टायरवर चपटा भाग पडतो आणि तो अगदी असाच हलतो. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल आणि वेग कमी होईल तसे ठोके सावकाश होत जात असतील, तर भानगड डिस्कमध्ये आहे. चाक एका फेरीत साधारण दोन मीटर जातं, म्हणजे ८० ला सेकंदाला अकरा ठोके, ४० ला साडेपाच. एबीएसची, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, कुरकुर वेगाशी अशी इमानदार नसते. ती वेगळ्याच तालात पेडल ढकलते आणि जोरात दाबल्यावर किंवा निसरड्यावरच येते.

पुढचं की मागचं? हाताने ओढायचा हँडब्रेक असेल आणि तो मागच्या मुख्य डिस्कवरच काम करत असेल, तर मोकळ्या मैदानात ३०-४० च्या वेगात बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. तेव्हाही थरथरलं तर मागची डिस्क. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका. ढोबळ खूण अशी की स्टीअरिंग हललं तर पुढचं, सीट हलली तर मागचं.

आणि पेडल थरथरत नाही पण खोल जातंय, दोनदा पंप केल्यावर वर येतंय, असं असेल तर तो आजार वेगळा. तो ब्रेक ऑइलचा. खाली येतो त्यावर.

मी काय काय करून बसलो

पहिल्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, डिस्क वाकल्यात. ट्रॅकवर तापून वाकतात. लेथवर घासून देतो." घासून दिल्या, लोण्यासारखे ब्रेक झाले, दोन महिन्यांनी पुन्हा थरथर. दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो आणि भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या झकपक डिस्क मागवल्या. दिसायला फार छान. तीन हजार किलोमीटरवर पुन्हा तेच, वर भोकांच्या कडेला केसासारख्या बारीक तडा. भोकाची कड ही तापण्या-थंडावण्यात सगळ्यात आधी दमणारी जागा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खाचा चालतात, ट्रॅकसाठी भोकं नकोत. तिसऱ्या वेळी गपगुमान कंपनीच्या साध्या डिस्क टाकल्या, कोइंबतूरच्या रेस ट्रॅकवर, कारी मोटर स्पीडवेला, जाऊन आलो आणि वरचा नवले पुलाचा प्रसंग घडला.

प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमधून निघताना ठणठणीत असायची. आजार दोन-तीन हजार किलोमीटरनंतर यायचा. ही गोष्ट महत्त्वाची होती आणि तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. ट्रॅकवरच्या उष्णतेनं डिस्क वाकली असती तर ती ट्रॅकवरच थरथरायला हवी होती ना? कारीवर शेवटच्या सेशनपर्यंत ब्रेक सरळ होते. थरथर सुरू झाली परतीच्या हायवेवर, चित्रदुर्ग मागे टाकल्यावर. आधी वाटलं रस्ता खराब आहे.

डायल गेजने केलेलं निदान

भोसरीला एक ओळखीचे काका आहेत, आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले. त्यांना गाड्यांचं वेड नाही, पण शतांश मिलिमीटरवर भक्ती आहे. त्यांनी डिस्क काढायच्या आधीच स्टँड लावून तिच्यावर डायल गेज (बारीकसा फरक काट्यावर दाखवणारं माप) टेकवला, चाकाचे बोल्ट वॉशर घालून नीट आवळले आणि हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग, हाताने फिरवला. काटा ०.०९ मिमी हलला. मग मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०२२ मिमी फरक.

"ही लहरते आहे, वाकलेली नाही," काका म्हणाले. "काढ बघू खाली."

डिस्क काढली तर हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे. दोन पावसाळे गाडी उघड्यावर उभी, त्यातला एक आठवडा देवगडला समुद्राजवळ. तीन वेळा डिस्क काढून बसवली, पण हब कुणी साफ केला नव्हता. प्रत्येक वेळी डिस्क त्याच गंजावर बसवली गेली. हबचं तोंड साधारण १४ सेंटीमीटरचं, डिस्क ३१ सेंटीमीटरची. आतल्या कडेला ०.०४ मिमीचा पापुद्रा असेल तर बाहेरच्या कडेला त्याचं दुपटीच्या आसपास होतं. हिशेब जुळला.

आता दोन-तीन हजार किलोमीटरचं कोडं. डिस्क तिरकी बसलीय एवढ्यानं पेडलला काही कळत नाही, कारण सरकता कॅलिपर (ब्रेक पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कवर दाबणारा चिमटा) तिच्यासोबत डोलतो. पण ब्रेक न लावता हायवेवर जाताना डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला हलकेच घासून जातो. त्याच एका जागी, किलोमीटरमागे पाचशे वेळा. घासून ती जागा पातळ होते, किंवा पॅडचा माल तिथे चिकटून जाड होते. जाडीत ०.०२ मिमीच्या आसपास फरक पडला की पिस्टन मागे-पुढे ढकलला जातो, ऑइलचा दाब वर-खाली होतो आणि पायाला ठोके बसतात. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याची ही करामत.

म्हणजे पुणे ते कोइंबतूर बाराशे आणि परत बाराशे किलोमीटरचा तो सरळसोट हायवेच माझ्या डिस्क बिघडवत होता. ट्रॅक बिचारा फुकट बदनाम. अर्थात पूर्ण निर्दोष तोही नाही.

हब साफ करायला अर्धा तास लागला. वायरब्रश, मग बारीक एमरी पेपर, डिस्कच्या आतल्या तोंडालाही तसाच हात. हबवर ग्रीस थापू नका, तोही एक थरच. पुन्हा डायल गेज लावला तेव्हा काटा ०.०३ वर आला. तिथेही समाधान झालं नसतं तर डिस्क एक-एक बोल्ट सरकवून बसवून बघायची असते, म्हणजे हबची चूक आणि डिस्कची चूक एकमेकींना खातात. गाडीवर बसवलेल्या डिस्कसाठी ०.०५ च्या आत राहिलं की मी खूश. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, ती पाळा. डिस्कवर कमीत कमी जाडीही कोरलेली असते. लेथवर घासताना त्याखाली गेलात तर वजन कमी, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी, म्हणजे आजार लवकर.

चाक लावताना इम्पॅक्ट गनने फर्रकन आवळू देऊ नका. टायरवाल्याचा पोरगा चांगला असतो, घाईत असतो. एक बोल्ट फार घट्ट आणि शेजारचा सैल राहिला तर डिस्क आणि हब दोन्ही किंचित मुरडतात. चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला. मी रेंच डिकीतच ठेवतो.

ट्रॅकचा वाटा: उष्णतेचा हिशेब

शहरात ६० वरून थांबलात तर या वजनाच्या गाडीची सुमारे २.२ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ट्रॅकवर १८० वरून ७२ वर आलात तर सुमारे साडेसोळा लाख, तीही साडेतीन सेकंदांत. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर पडते. डिस्कचं वजन ८ किलो धरा, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान दीडशे अंशांनी चढतं. मग पुढच्या वळणापर्यंत ती किती थंड होते, यावर सगळा खेळ.

इथे ट्रॅकचा स्वभाव बघावा लागतो. कारी २.१ किलोमीटरचा, छोटा. वेग फार नाही, पण श्वास घ्यायला वेळ नाही, उष्णता साचत जाते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, तिसऱ्या वळणानंतरची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब. तिच्यावर वारा खाऊन डिस्क निवते, पण चौथ्या वळणाला एकदम प्रचंड मार. चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, या दोघांच्या मधला.

रीमॅपनंतर माझी पट्टीच्या शेवटी गती १७० वरून १८५ झाली. ऐकायला पंधराच किलोमीटरचा फरक, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १८ टक्के जास्त. इंजिनाला पैसे घालताना हे कुणी सांगत नाही.

साधे रस्त्याचे पॅड अशा उष्णतेत मऊ पडतात आणि त्यांचा माल डिस्कवर ठिपक्याठिपक्यांनी चिकटतो. मग गरम गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आणून ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात, की पॅडचा अख्खा ठसा तिथे उमटतो. अक्षरशः शिक्का. त्या शिक्क्याची जागा पुढच्या वेळी जास्त तापते, तिथलं बीडाचं लोखंड कडक होतं आणि मग एमरीने घासूनही तो डाग जात नाही. हे मी भोकांवाल्या डिस्कवर निळसर काळ्या चौकोनाच्या रूपात पाहिलंय. तशी डिस्क सरळ भंगारात. लेथवर घासली तरी कडक जागा कमी कापली जाते आणि उंचवटा काही दिवसांत पुन्हा वर येतो.

म्हणून सेशनची शेवटची एक फेरी पूर्ण सावकाश, ब्रेकला जवळपास हात न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक नाही. गाडी गिअरमध्ये आणि चाकाखाली लाकडी ठोकळा. ट्रॅकवरचे जुने लोक हे न बोलता करतात, नवे लोक उतरून फोटो काढायला धावतात. मीही धावलोय.

पॅडचं काय करायचं

रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला पुरणारा एकच पॅड, असं जाहिरातीत असतं. माझं मत असं की तो दोन्हीकडे अर्धवट असतो. पूर्ण ट्रॅकचे पॅड घालून सकाळी ऑफिसला निघालात तर पहिल्या सिग्नलला ब्रेक उशिरा धरतात, किंचाळतात आणि थंड असताना कानशीसारखी डिस्क खातात. तेव्हा दोन संच ठेवा. पुढचे पॅड बदलायला सवय झाल्यावर तासभर पुरतो, ट्रॅकवर पोचल्यावर तिथेच बदलता येतात.

यात एक खोच आहे. एका जातीच्या पॅडने डिस्कवर टाकलेला थर दुसऱ्या जातीला मानवेलच असं नाही. बदलल्यावर पहिले काही किलोमीटर हीच थरथर येते आणि माणूस पुन्हा डिस्क मागवतो! एकाच कंपनीच्या एकाच कुळातले रस्त्याचे आणि ट्रॅकचे पॅड निवडलेत तर त्रास कमी. नाहीतर बदलताना डिस्क १२० नंबरच्या एमरीने आडवी-तिडवी घासून ब्रेक क्लीनरने पुसा.

नवे पॅड बसवले की ते मुरवावे लागतात. ९०-१०० वरून २० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी चालवत थंड करणं. हे एक्स्प्रेसवेवर करू नका, मागचा ट्रक तुमच्या पॅडसाठी थांबणार नाही. ट्रॅकचं पहिलं सेशन यालाच द्या.

पेडल खोल जात असेल तर

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. आपल्या पावसाळ्यात त्याला पाण्याची काय कमी? डॉट ४ या दर्जाची उकळबिंदूची किमान अट ताज्या ऑइलला २३० अंशांची, पाणी मुरलेल्याला फक्त १५५ ची. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीपर्यंत जातं. डॉट ५.१ ची अट २६० आणि १८०. ट्रॅकसाठी बनवलेलं, उदाहरणार्थ मोटुल आरबीएफ ६००, ताजं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. ते वापरायचं तर प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी कॅलिपरमधलं तरी बदलायचं. उघडलेली अर्धी बाटली सहा महिन्यांनी वापरू नका. नुसतं डॉट ५ लिहिलेलं ऑइल सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा, मॅन्युअल बघा. एबीएसच्या पंपात हवा शिरली असेल तर नुसतं पेडल पंप करून निघत नाही, स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. माझ्या एका मित्राने यापायी दोन लिटर ऑइल वाया घालवलं.

आणखी थोडं

मागचे पॅड पुढच्यांपेक्षा लवकर संपत असतील तर ते चालवणाऱ्याबद्दल काही सांगतात. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) तुम्हाला न विचारता चाकं धरतंय. तुम्ही वळणात फार आधी एक्सलरेटर देताय. वळणात फुकट फिरणारं चाक ब्रेकने धरणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल असेल तर पुढच्या आतल्या चाकावरही तोच भार. ईएसपीचं बटण बंद करण्याआधी हात सुधारा.

थरथर फार जोराची वाटत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बघा. रबर फाटलं असेल तर छोटा ठोका मोठा होऊन स्टीअरिंगला पोचतो. बुश बदलल्यावर बरं वाटतं, पण ठोका आत शिल्लकच असतो. माझ्याकडे एक फाटलेला निघाला.

डिस्कमागचा पातळ पत्रा काढून टाकायचा सल्ला मिळेल. मी काढला. ट्रॅकवर बरं झालं. मग जुलैमध्ये ताम्हिणीत एक खडा आत जाऊन अडकला, तो आवाज काय वर्णावा! पत्रा परत लावला, त्याऐवजी लोअर आर्मला वारा आत वळवणारी प्लॅस्टिकची पट्टी बसवली. मोठे चार-सहा पिस्टनचे कॅलिपर शेवटी. त्यांचा खरा फायदा मोठ्या, जड डिस्कचा आहे, पण पुढे-मागे ब्रेकचं प्रमाण बदलतं आणि १७ इंची चाकात ते मावतीलच असं नाही.

विम्याचंही बघून ठेवा. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर ठोकलीत तर खर्च तुमचा.

हब साफ करून, साध्याच नव्या डिस्क बसवून आता अकरा हजार किलोमीटर झाले. त्यात एकदा कारी, एकदा चेन्नई. गेल्या रविवारी काकांकडे पुन्हा मोजलं: डगमग ०.०३, जाडीतला फरक ०.००६. मागचं डावं चाक मात्र सकाळी पहिल्या दोन ब्रेकला चिमणीसारखं चिवचिवतं. पॅडच्या कडा तासून झाल्या, पिना साफ करून झाल्या, अजून सापडलेलं नाही.